सुरी नसलेलं हॉटेल

या शहरात खायचं कुठे, हा प्रश्न लोक धारकाकांना विचारायचे. अडतीस वर्षं ते हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावत होते, तेव्हा त्यात नवल काहीच नव्हतं. सायकलच्या मागे पायाने फिरवायचं चाक बांधलेलं, पिशवीत तीन प्रकारचे दगड, आणि सकाळी अकराच्या आत दहा-बारा हॉटेलांची मागची दारं. कुठल्या कुठल्या देशांतून आलेली माणसं या शहरात चुली मांडून बसली होती. त्यांची बोली धारकाकांना कळायची नाही, पण त्यांच्या सुऱ्या बरोबर कळायच्या.

त्यांचा आडाखा सरळ होता. "ज्या हॉटेलातली कांद्याची सुरी आठवड्यात बोथट होते, तिथं डोळे मिटून जा," ते सांगायचे. "महिनाभर धार जशीच्या तशी राहिली, तर समजा की तिथं नुसती पाकिटं फाडतात." झगझगीत दिवे आणि जाडजूड मेनूकार्डं यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बँकेतल्या बायका, टॅक्सीवाले, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे त्यांना विचारून बाहेर जेवायला जायचे आणि दुसऱ्या दिवशी खूश होऊन यायचे. स्वतः धारकाका मात्र यातल्या एकाही हॉटेलात पुढच्या दाराने गेले नव्हते. दुपारी एक वाजता घरी जायचं, बायकोने वाढलेलं जेवायचं आणि पंधरा मिनिटं आडवं व्हायचं, यात अडतीस वर्षांत खंड पडला नव्हता. एखाद्या आचाऱ्याने फारच आग्रह केला तर "घरी वाट बघतेय," म्हणून ते सायकलवर टांग टाकायचे.

त्या वर्षी काकूंच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी गाठ लहान झाली, पण तोंडाची चव गेली, भूक गेली. ज्या स्वयंपाकघरात त्यांचा सगळा जन्म गेला, त्याचा वासही त्यांना सहन होईना. गॅस पेटवला की मळमळायचं. वजन एकेचाळीस किलोवर आलं. डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या होत्या. "गाठ काढायची तर अंगात ताकद हवी," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत काटा पंचेचाळीसवर आणा. नाही आला, तर मला ऑपरेशन करता येणार नाही. आणि त्याहून जास्त थांबताही येणार नाही."

घरी येताना बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. धारकाका उसनं अवसान आणून म्हणाले, "चार किलो म्हणजे काय गं? सगळं शहर मला विचारून जेवतं. तुला जेवू घालणं काय अवघड आहे?"

"बघू या," काकू म्हणाल्या. हल्ली बोलणंही त्यांच्या जिवावर यायचं.

मग सुरू झाली मोहीम. एक दिवसाआड, दुपारी एक वाजता, नवं हॉटेल. पहिल्यांदा ते कच्च्या माशाच्या हॉटेलात गेले, कारण त्या आचाऱ्याच्या सुरीइतकी देखणी सुरी अख्ख्या शहरात नव्हती. आचारी स्वतः बाहेर आला, काकूंपुढे कमरेत वाकला आणि "हे आमच्या सुऱ्यांचे डॉक्टर," असं काहीतरी मोडकंतोडकं बोलला. काकू अवघडून गेल्या. समोर ताटली आली, तिच्यावर मासा इतका पातळ कापलेला की खालची नक्षी दिसावी.

"अहो," काकूंनी हळूच विचारलं, "हे शिजवायचं राहिलंय का?"

"अगं, काप बघ. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. ही धार माझी आहे."

काकूंनी कौतुकाने मान हलवली आणि बाजूच्या वाटीतला भात चार घास खाल्ला. ताटलीतल्या त्या देखण्या मासळीचं काय करायचं ते धारकाकांनाच निस्तरावं लागलं.

पुढच्या वेळी गाजराच्या केसासारख्या बारीक सळ्या टाकलेलं सूप. मग तव्यावर भाजलेल्या मांसाचे तलम पापुद्रे. मग काकडीची फुलं कोरून देणारं एक हॉटेल, जिथे काकूंनी फुलं मोजली आणि त्या नुसतं पाणी प्यायल्या. प्रत्येक ठिकाणी आचारी बाहेर यायचे, हात मिळवायचे, आग्रह करायचे. तीन आठवड्यांनी दवाखान्यात काटा साडेचाळीसवर थांबला, म्हणजे होता त्याच्याही खाली. त्या आठवड्यात धारकाकांनी चाकावर दोनदा बोट कापून घेतलं. असं त्यांच्या हातून उमेदवारीच्या काळातही झालं नव्हतं.

त्यानंतर एके दिवशी बसमधून उतरल्यावर काकू चालता चालता थांबल्या. घराच्या अलीकडच्या गल्लीत एक लहानसं हॉटेल होतं. चार टेबलं, भिंतीत भट्टी, आणि दारातूनच भाजलेल्या पावाची ऊब अंगाला लागायची.

"इथं बसू या," त्या म्हणाल्या.

"इथं? अगं, यांच्याकडे सुरीच नाही."

सुरी नाही म्हणून हॉटेलच मोडीत काढायचं, ही चूक एखाद्या धारवाल्याच्याच हातून व्हावी. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी या हॉटेलात काम मागितलं होतं. मालकीणबाईंनी, म्हणजे भट्टीवालीने, हात पुढे करून दाखवले होते. पाव हाताने तोडायचा, मांस हाड सोडेपर्यंत शिजवायचं, कांदा बुक्कीने फोडायचा. सुरी कशाला? त्या दिवसापासून धारकाकांच्या लेखी ते हॉटेल हॉटेलच नव्हतं. घरापासून दोनशे पावलांवर असूनही त्यांनी आजवर त्याचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही मला जेवायला नेता की सुऱ्या दाखवायला?" काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. धारकाका निमूटपणे मागोमाग आत गेले.

भट्टीवाली आडव्या बांध्याची, मोजकं बोलणारी बाई होती. तिने खोलगट थाळ्यांत रस्सा आणि टोपलीत पाव आणून ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या हॉटेलात पानात काही टाकायची कुणाची छाती होत नसे. काकूंनी पाव तोडला, रस्स्यात बुडवला, खाल्ला. पुन्हा तोडला. धारकाका श्वास रोखून बघत होते. अर्धा पाव संपला.

"चव लागतेय?" त्यांनी विचारलं.

"चव कसली लागतेय. पण गरम आहे, मऊ आहे, आणि हाताला काम आहे. तुमचे ते काप नुसते बघत बसावे लागतात."

धारकाकांना हे लागलं. क्षणभरच. मग त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ते हात धुवायला गेले.

त्यानंतर दुसरं हॉटेल नाही. रोज एक वाजता तेच टेबल. काकूंची आणि भट्टीवालीची गट्टी जमली. दोघी अर्धं शब्दांनी, अर्धं हातवाऱ्यांनी तासन्‌तास बोलायच्या आणि धारकाका आपले पाहुण्यासारखे बसून राहायचे. काटा बेचाळीसवर आला, मग सव्वात्रेचाळीसवर. शेवटच्या आठवड्यात काकू वजनकाट्यावर चढल्या, तेव्हा धारकाका इतके जवळ जाऊन उभे राहिले की नर्सने त्यांना "काका, तुमचा पाय काट्यावर आहे," म्हणून बाजूला केलं. पाय काढल्यावरही आकडा पंचेचाळीसच्या वरच होता. ऑपरेशनचा दिवस ठरला. त्यानंतर पंधरा दिवस दवाखान्यातच राहावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्या दिवशी सकाळी नऊला काकूंना आत नेलं. पाच तास तरी लागणार होते. धारकाका दारासमोर उभे राहिले ते उभेच. बारा वाजता नर्स म्हणाली, "काका, इथं उभं राहून काही होणार नाही. काहीतरी खाऊन या."

ते बाहेर पडले. आसपास ओळखीची सात-आठ हॉटेलं होती, कुठल्याही मागच्या दाराने गेले असते तर कुणीही त्यांना डोक्यावर घेतलं असतं. त्यांना कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. चालत राहिले, आणि एकच्या सुमाराला पाय आपोआप भट्टीवालीच्या दारात येऊन थांबले. ते नेहमीच्या टेबलाशी बसले. चहा सांगावा असं मनात होतं. तेवढ्यात समोर थाळी आली. पावाची कडक कड काढून टाकलेली, आतला मऊ गर रस्स्यात भिजवून ठेवलेला.

"मी काही सांगितलं नाही," धारकाका म्हणाले.

"ताईंनी सांगितलंय, तुम्ही एकटे आलात तर काय करायचं ते," भट्टीवाली म्हणाली. मग पाठ केल्यासारखी एकेक गोष्ट बोटावर मोजत गेली. "डाव्या दाढा नाहीत, कड काढायची. एक वाजता वाढायचं, उशीर झाला की नुसता चहा पिऊन जातात. अजून हवं का विचारलं की नको म्हणतात. दुसऱ्यांदा विचारायचं. मग घेतात."

"हे कधी सांगितलं तिनं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा."

धारकाका थाळीकडे बघत राहिले. अर्ध्या शहरात ते बायकोसाठी जेवायची जागा शोधत फिरले होते, आणि त्यांच्या मागोमाग चालताना ती त्यांच्यासाठी जागा शोधत होती. घराजवळची, गरम, आणि नको म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारणारी.

"किती दिवसांसाठी सांगितलंय?"

भट्टीवालीने हात पदराला पुसले. "दिवस नाही सांगितले," ती म्हणाली.

त्यांनी पहिला घास घेतला, कारण काकूंनी सांगून ठेवलं होतं. थाळी संपायला बराच वेळ लागला. भट्टीवालीने विचारलं, "अजून?" ते नको म्हणाले. ती जागची हलली नाही. तिने पुन्हा विचारलं, आणि त्यांनी थाळी पुढे केली.

तीनच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. संध्याकाळी त्यांनी धारकाकांना पाच मिनिटं आत सोडलं. काकूंचे ओठ कोरडे पडले होते, डोळे अर्धेच उघडत होते.

"जेवलात?" त्यांनी विचारलं.

"जेवलो. दुसऱ्यांदाही घेतलं."

काकूंना कळलं की यांना कळलंय. धारकाकांनी खुर्ची पलंगाला टेकवली.

"मीही तिला सांगून आलोय," ते म्हणाले. "माझं एकट्याचं वाढायचं ते फक्त पंधरा दिवस. सोळाव्या दिवसापासून दोघांचं."

"कधी सांगितलंत?"

"दुपारीच. तू आत होतीस तेव्हा."

काकूंनी डोळे मिटले. धारकाकांची दोन बोटं त्यांच्या मुठीत होती. नर्स वेळ संपली म्हणून सांगायला आली, तरी त्यांनी ती सोडली नाहीत.