रडू दे तिले
सकाळी गुरांच्या डॉक्टरांनी वासराला इंजेक्शन दिलं आणि स्पिरिटच्या वासासरशी मला दूरच्या दवाखान्यातला तो वॉर्ड आठवला. लेकीच्या हृदयात छिद्र होतं. रडली की ओठ निळे पडायचे, म्हणून चार वर्षं आम्ही तिला रडूच दिलं नव्हतं. मागेल ते हातात. ऑपरेशननंतर काही दिवसांनी तिनं आमच्या अमडापूरच्या बाजारातली भजी मागितली. तिथं कुठून आणायची? नाही म्हणताच पोरीनं जे भोकाड पसरलं! "उगी वं माय, उगी!" बायको धावली. "रडू दे तिले!" मी ओरडलो, "ओठ पाह्य, लाल हायेत लाल!" पोरगी रडतेय अन् आईबाप हसताहेत, अख्खा वॉर्ड बघत राहिला. आज वासराला टोचलं म्हणून तीच पोरगी गोठ्यात हमसून रडली. उगी करण्याआधी मी तिचे ओठ पाहून घेतले.