बिशपांची टोपी घेऊन आंबागडला

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी भंडाऱ्याहून आंबागडला गेले, ती मांडीवर टोपीचं खोकं घेऊन. आमच्या घरी हातमाग. मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर ओळखीची. तिनं बिशपांच्या नव्या टोपीसाठी आमचाच कोसा (रानातलं रेशीम) निवडला आणि त्यांची, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या धर्मगुरूंची, जुनी टोपी नमुन्याला दिली. पुढंमागं दोन उंच टोकं, पाठीवर लोंबणाऱ्या दोन पट्ट्या! असलं काही मी जन्मात शिवलं नव्हतं. डोक्याला मऊ लागावं म्हणून आतून अस्तर मात्र दुहेरी घातलं.

तुमसरच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "खोकं वर ठेवा नं, बाई."

"दबली तं? बिशपची टोपी हाये."

"मंग तिचंबी तिकीट काढा!"

अख्खी बस हसली. मीही हसले, पण खोकं सोडलं नाही.

तुमसरला बस बदलून आंबागडला उतरले. समोर किल्ल्याचा डोंगर, खाली धान कापलेल्या बांध्या (भाताची शेतं), बिशप येणार म्हणून मिशनच्या अंगणात मंडप आणि पंगतीच्या वांग्याच्या भाजीचा वास. मिस्सा (त्यांची पूजा) सुरू झाली. बिशप माझी टोपी घालून आले, माझा ऊर भरून आला. थोड्या वेळानं त्यांनी ती काढून शेजारच्या फादरकडे दिली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. खालची इवलीशी गोल टोपीसुद्धा काढली! मी डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसले. देवापुढं कोणी डोकं उघडं करतं का? नक्की काचत असणार.

सिस्टर कानाशी म्हणाली, "घबराओ मत, मावशी. मोठ्या प्रार्थनेला काढतातच. देवाला मान म्हणून."

जिवात जीव आला. पण मिस्सा संपल्यावर बिशप स्वतः भेटायला आले, तर कपाळावर हा लाल वळ!

"छान बसली, मावशी."

"खोटं बोलून राहिले नं तुमी! मंग हा वळ कायचा?"

सिस्टरनं जीभ चावली. बिशप ओशाळून म्हणाले, "थोडी काचते. पण तुम्ही एवढ्या मायेनं केली..."

"बसा इथं."

ते ओसरीवरच्या स्टुलावर निमूट बसले. मी कात्री-सुई मागितली, एक अस्तर उसवून काढलं, टाके घातले आणि नातवाला घालावी तशी टोपी घालून आत दोन बोटं सरकवून पाहिली.

"आता?"

"आता हिच्यात झोपही लागेल," बिशप म्हणाले.

परतीच्या वाटेवर बांध्यांवर ऊन उतरत होतं. आपण डोकं झाकून देवाला मान देतो, ते उघडं करून देतात. कसाही द्यावा बापा, देणाऱ्याचं डोकं ठणकू नये, एवढं पाहणं आपल्या हातात.