बॉनेट न उघडणारे दस्तगीरचाचा

गाडी दुरुस्तीला आली की दस्तगीरचाचा आधी बॉनेट उघडत नसत, आधी गाडीत बसत. मालकाच्या शेजारी, चपला बाहेर काढून, सीटवर चक्क मांडी घालून. "चला, फिरवा मला," म्हणायचे, एक हात डॅशबोर्डवर ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. सोलापूरच्या भवानी पेठेतून निघालेली गाडी गावाबाहेर जाऊन परत येईपर्यंत हा माणूस अवाक्षर बोलायचा नाही. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री झोपला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं आणि मी शाळेतल्या बाईला शोभेलसं खाकरलेही होते. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

मेंदी लावलेली दाढी, कोपरापर्यंत काळे हात आणि पत्र्याची शेड, एवढाच त्यांचा पसारा. एका चादरीच्या व्यापाऱ्याच्या गाडीच्या इंजिनात खडखड व्हायची. दुसऱ्या कुठल्याशा गॅरेजात त्याचं अर्धं इंजिन उतरवून झालं होतं. साप साप म्हणून भुई धोपटायची, दुसरं काय! चाचा एक चक्कर मारून आले, सीटखाली हात घातला आणि अडकित्ता काढून व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "हे घ्या तुमचं इंजिन."

गाडीला नावं ठेवलेली मात्र त्यांना खपत नसत. "तिला तोंड न्हाय, म्हणून कुणीबी उठतो न् आळ घेतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वकिलाच्या घरात वाढलेल्या मला ते फार आवडायचं. पुढे माझ्यावरच ते ऐकायची पाळी आली.

माझे वडील, अण्णा, वकिली सोडून घरी बसले होते. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. अण्णांची काळी विलायती गाडी तेव्हा वीसेक वर्षांची असेल. दर रविवारी ती घेऊन ते वैरागला थोरल्या बहिणीकडे जात. एकोणीसशे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला त्यांची नजर अधू झाली, पण कबूल करतील तर ते अण्णा कसले! एकदा आमच्या शाळेसमोरच त्यांनी सुताच्या हातगाडीला घासून गाडी नेली आणि वर त्या गाडीवाल्यालाच दरडावलं. शाळा नुकतीच सुटली होती, रस्ताभर मुली होत्या. मी फाटकात उभी होते. त्यानंतर मी अण्णांना सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. शेवटी हात टेकले.

त्यातच इंजिन खडखडू लागलं. अण्णा म्हणाले, "इंजिनातले टॅपेट ढिले झाले असतील." मला वाटलं, आयती संधी आली. शाळा सुटल्यावर मी एकटीच चाचांकडे गेले आणि बराच वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. मग एकदाचं बोलून टाकलं.

"चाचा, इंजिन संपलं असं सांगा ना अण्णांना."

"संपलंय का?"

"तुम्ही सांगितलंत तर पटेल त्यांना."

"बाई, शाळेत पोरींना खोटं लिवायला शिकवता का?"

"त्यांना दिसत नाही हो, चाचा. एखाद्या दिवशी कुणाच्या तरी पोरीला उडवतील."

चाचांनी पाना खाली ठेवला. "ते खरं असंल. पन त्यात गाडीचा काय गुन्हा? तिच्यावर आळ नक्को. रविवारी येतो मी. बघू."

रविवारी वैरागला जायला बार्शी रस्त्याला आम्ही तिघं निघालो. अण्णा गाडी चालवत होते, शेजारी चाचा मांडी घालून. म्हणजे पुढे एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं डोळे मिटले होते. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते आणि आठवतील तेवढे देव आठवत होते.

गाव मागे पडलं, चढ आला आणि आवाज सुरू झाला. डब्यात खडे हलवावेत तसा. चाचांनी डोळे उघडले. "वकीलसाहेब, जरा मी घेऊ?"

दोघांनी जागा बदलल्या. चाचांनी गाडी मागे घेतली आणि तोच चढ पुन्हा चढवली. आवाज नाही. आणखी थोडं पुढे नेली, तरी नाही. एका चिंचेखाली त्यांनी गाडी उभी केली.

"काय केलंत, मिस्त्री?" अण्णांनी विचारलं.

"कायबी न्हाय. इंजिन झ्याक हाय. तुमी सवयीनं टॉप गिअर टाकता न् बैलगाडीच्या चालीनं नेता. मग तिला दम लागतो, दात वाजतात तिचे." तेल किती दिवसांपूर्वी बदललं, हे विचारावं तितक्या सहज त्यांनी पुढचं विचारलं, "पैलं तर लई पळवायचा की. आता एवढं हळू का चालवता?"

आता अण्णांचा पारा चढणार, म्हणून मी अंग चोरून बसले. पण अण्णा काचेबाहेर बघतच बोलले.

"पुढचं दिसत नाही मला, मिस्त्री."

"कवापासनं?"

"वर्ष झालं."

साक्षीदारानं द्यावीत तशी सरळ उत्तरं. चाचांनी मान हलवली. "मग सापडला की आवाज," म्हणाले आणि गाडी चालू केली. उपदेशाचा एक शब्दही नाही. वैरागपर्यंत आणि परत सोलापूरपर्यंत त्यांनीच गाडी चालवली.

घरी आल्यावर अण्णा आत गेले. मी फाटकाशी चाचांना म्हटलं, "वर्षभर कानीकपाळी ओरडत होते मी. माझं ऐकलं नाही त्यांनी."

"वरडत व्हता ते खरं, बाई. पन काय व्हतंय म्हणून इचारलं व्हतं का?"

हे मला सुचलंच नव्हतं. दिवसभर वर्गात प्रश्न विचारून पोट भरणारी मी!

पुढे अण्णांचा मोतीबिंदू काढला, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. वैरागला ते एसटीनं जाऊ लागले. स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. चाचा अधूनमधून येऊन गाडी सुरू करून जात. "उबी ऱ्हायली की गंजती, मानसावानीच," म्हणत आणि अण्णांबरोबर चहा घेत बसत. आता दोघंही नाहीत. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली. चाचा गेल्यावर मी आत आले. अण्णा खुर्चीत बसले होते. मी दारातच थांबून विचारलं, "अण्णा, काय काय दिसत नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "तू अशी दारात उभी राहतेस ना, तेव्हा तुझं तोंड दिसत नाही, कुसुम. पावलांच्या आवाजावरून ओळखतो, आणि मग हाक मारतो."