भावोजींच्या पेशींची समजूत

परकी गोष्ट नाकारण्यात आमच्या भावोजींचा हात उभ्या पुण्यात कोणी धरला नसता. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कसब्यातल्या आमच्या घरी, म्हणजे सासुरवाडीला येतानाही प्यायचं पाणी बाटलीत भरून आणत. दोन्ही घरी खडकवासल्याचंच पाणी येतं, हे सांगून उपयोग नसे. दुसऱ्यानं आधी उलगडलेलं वर्तमानपत्र ते वाचत नसत, ताईच्या कपातला चहा तर लांबच राहिला. समोरच्या फ्लॅटमध्ये आयटीतली मुलं राहायला आली, तेव्हा त्यांच्या फोडणीच्या वासाबद्दल यांनी सोसायटीला तीन पानी अर्ज दिला. आणि या गृहस्थांचा प्रयोगशाळेतला विषय काय, तर शरीर परका अवयव खपवून कसा घेतं! पांढऱ्या उंदराच्या पाठीवर काळ्या उंदराची कातडी लावायची आणि टिकते का ते बघत बसायचं. एकदा त्या तुकड्यावर काळे केस उगवले, तर यांनी आमच्या आळीत पेढे वाटले.

"एक पहारेकरी पेशी असते," ते मला समजावत, "ती परक्याचा तुकडा लढाऊ पेशीला नेऊन दाखवते. आरडाओरडा करत दाखवला की हल्ला. शांतपणे दाखवला तर ती गप्प बसते. त्यांतल्या काही तर पुढे इतरांनाही आवरतात."

"हे त्यांना शिकवतं कोण?"

"तेच शोधतोय. तुला कळलं तर कळव."

पुढे त्यांचीच मूत्रपिंडं निकामी झाली आणि ताईचं मूत्रपिंड त्यांना जुळलं. शस्त्रक्रियेआधी महिनाभर हा माणूस ताईच्या कपातला अर्धा चहा पिऊ लागला, तिच्याच ताटात जेवू लागला.

"अहो, याला शास्त्रात काही आधार?" ताईनं विचारलं.

"अजिबात नाही. पण ओळख करून द्यायला काय हरकत आहे?"

मला हसू येई आणि धास्तीही वाटे. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी त्यांना ताप भरला. शरीर ताईचं मूत्रपिंड नाकारू पाहतंय, असं डॉक्टर म्हणाले. औषधं वाढवली, तेव्हा कुठे ते रुजलं. "तुमच्या पेशी शहाण्या निघाल्या," मी म्हटलं. "शहाण्या कसल्या! गोळ्यांनी गुंगवल्यात," ते म्हणाले.

गेल्या वर्षी ताई हृदयविकारानं गेली. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो, तर भावोजी घड्याळाकडे बघत हातात गोळी धरून बसलेले. थोडं पडा तरी, असं मी म्हटलं.

"वेळ चुकवून चालत नाही रे," ते म्हणाले. मग उजव्या कुशीवर हळूच हात ठेवून म्हणाले, "ती अजून इथे आहे, हे पेशींना कळू द्यायचं नाही."