टेबलावरचं गोडं पाणी

मंडळी, आज महाडच्या आमच्या लॅबमध्ये मी चुकलो.

समुद्रात बुडी मारून माहिती आणणाऱ्या ग्लायडरचा सिम्युलेटर लावला होता. टेबलावरचं यंत्र खरं, पण समुद्र कॉम्प्युटरमधला. कापडे गावची सुगंधा त्यावर शिकत होती. तिचा ग्लायडर काही केल्या वर येईना. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो.

ती हळूच म्हणाली, “सर, पाणी गोडं हाय. खाऱ्यात यंत्र एवढं जड होत नाय.”

“टेबलावर कसलं आलंय पाणी?” मी हसलो. मग बाकीचेही हसले.

ती घरी गेल्यावर मी सेटिंग पाहिलं. मागच्या आठवड्यात सावित्री नदीसाठी भरलेलं गोडं पाणी मीच बदलायला विसरलो होतो.

फोन करून माफी मागितली. “असू दे सर,” म्हणाली.

ओरडलो सगळ्यांसमोर आणि माफी मागितली एकट्यात. याला माफी म्हणायचं का?