यासीनभाईंची शेवटची कुस्ती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही. तुमची-माझी ओळख असलीच तर पुस्तकातून. आपल्या जिल्ह्यातल्या कुस्तीवरचं माझं पुस्तक. तालमी, वस्ताद, जत्रेतले कुस्त्यांचे हगामे यांचा इतिहास. लोक म्हणतात, खूप फिरून लिहिलंय. फिरलो, हे खरं आहे.

त्यात सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते शेवगावच्या यासीनभाईंवरचं प्रकरण. पंचक्रोशीत तोड नसलेला पैलवान — आणि कोल्हारच्या जत्रेत, शेवटच्या कुस्तीत, हात मिळवल्या मिळवल्या चितपट. त्यानंतर त्यांनी लंगोट बांधला नाही. का हरले? लोकांत एकच बोलवा होती — पिऊन उतरले होते. डोळे लाल होते, पाय लटपटत होते, असं बघणारे सांगत. यासीनभाईंना विचारलं, तर म्हणाले, तब्येत बरी नव्हती. मला ती पळवाट वाटली. मी दारूच लिहिली. अफवा म्हणून नाही — घडलेली गोष्ट म्हणून.

एवढंच असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. पण पुस्तक छापायच्या आधी मला खरं कळलं होतं.

त्या दिवशी त्यांना पाडणारे दगडूअण्णा पाथर्डीकडचे. ऊसतोडीवरून नुकते परतले होते, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर त्यांनी मला घोंगडी अंथरून दिली. मग म्हणाले, "सलामीला हात धरला, तर अंग तव्यावानी तापलेलं. लई ताप हुता त्याला. दारूचा वास न्हाई, काय न्हाई. मी पंचाला सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं. जिंकायचं हुतं ना मला. हे लिवा, सर. माझं नाव घालून लिवा."

मी मान डोलावली. घरी येऊन ते प्रकरण समोर घेतलं — आणि होतं तसंच ठेवलं. एका कार्यक्रमात ते पान मी वाचून दाखवलं होतं, तेव्हा सगळं सभागृह गप्प झालं होतं. तापानं हरलेल्या माणसासाठी कोण असं गप्प होतं? हो, हाच विचार केला मी.

पुस्तक आलं. यासीनभाई दर जत्रेला पंच म्हणून जायचे. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. मग त्यांची मुलगी शबाना माझ्याकडे आली. चहा घेतला नाही.

"अब्बांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "ते एवढंच विचारतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

इथपर्यंत यायला मला किती वळणं घ्यावी लागली, बघा.

मी म्हणालो, "दगडूअण्णांनी."

तेच नाव का? घाबरलो होतो म्हणून? घाबरलो होतोच. पण त्या क्षणीही मला कळत होतं — हे नाव खपेल. आखाड्यात त्यांच्याइतकं जवळ दुसरं कोण होतं? शबाना "बरं" म्हणाली आणि गेली.

यासीनभाई आणि दगडूअण्णांची मैत्री त्या कुस्तीनंतरची. दर ईदला अण्णा जीपनं शेवगावला जायचे. अण्णांच्या मुलीच्या लग्नात यासीनभाई घरचं कार्य असल्यासारखे राबले होते. पुढच्या ईदला अण्णा गेले, तर दार उघडलं नाही. नंतरही जाऊन आले. दार बंदच. मग यासीनभाई वारले.

दफन झाल्यावर कब्रस्तानाबाहेर अण्णा मला भेटले. टोपी हातात होती.

"माझं काय चुकलं, सर? त्यानं सांगितलं बी न्हाई," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तापाचं लिवलं ना तुमी?"

त्यांना वाचता येत नाही.

"लिहिलं," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मी तो धरू दिला.

पुढे पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. काही बदल करायचेत का, असं प्रकाशकानं विचारलं. मी शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या.