टाचकाकांनी निवडलेली लिफ्ट

टाचकाका अंगणात आले की आधी गाडीकडे बघत नसत, जमिनीवर टाच मारून बघत. टाच रुतली तर गाडी हातभर पुढे ढकलायला लावत आणि पुन्हा टाच मारत. उन्हाळ्याच्या सुटीत बिरसीला आमच्याकडे आलात की तुम्ही दोघं भावंडं त्यांच्यामागे टाचा आपटत फिरायचात. टाचकाका हे नाव तुम्हीच ठेवलेलं. बाकी सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. गॅरेज त्यांनी कधी काढलं नाही. जुन्या व्हॅनमध्ये हत्यारं भरून ते लोकांच्या दारी जात, पार सालेकशाच्या जंगलातल्या गावांपर्यंत.

गाडीखाली शिरण्याआधी ते स्टेपनी काढून खाली आडवी सरकवत. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर टेकावी, माणसावर नाही. तुमचे आजोबा एकदा म्हणाले, "मिस्त्री, किती भिता."

खालून उत्तर आलं, "भेतो म्हणून तं तुमच्याशी बोलून राहिलो, साहेब."

जमिनीवर पाठ टेकून टेकून त्यांची कंबर गेली. काम झालं की बंपर धरून ते स्वतःला वर ओढत. यापुढे जमिनीवर झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगी म्हणाली, धंदा बंद करा. तो तर त्यांना सोडायचा नव्हता. म्हणून गाडी उचलणारी लिफ्ट घ्यायचं ठरलं आणि इंग्रजी माहितीपुस्तक वाचायला त्यांनी मला गोंदियाच्या दुकानात नेलं.

दुकानात दोन लिफ्ट होत्या. एक दोन खांबांची, गाडी डोक्याच्या वर नेणारी. दुसरी बुटकी, दोन सुट्या चौकटींची, सोबत नेता येईल अशी. ती गाडी जेमतेम कंबरेपर्यंत उचले, म्हणजे तिच्याखाली पाटावर बसून, मान वाकवून काम करावं लागणार. दुकानदाराने पहिलीवर गाडी चढवून दाखवली. टाचकाका तिच्याखाली ताठ उभे राहिले. हात वर करून त्यांनी सायलेन्सरला बोटं लावली आणि बराच वेळ तसेच थांबले.

"मिस्त्रीजी, यही ले लो. कमर दुआ देगी," दुकानदार म्हणाला.

मलाही ते पटलं होतं. पण पुस्तकात होतं ते मी वाचून दाखवलं. हिला पक्का काँक्रीटचा फर्शच लागतो. बुटकीला टणक, सपाट जागा पुरते.

"तुमच्या घरी फर्श करून घ्या," मी म्हटलं. "लोक गाड्या आणतील."

"चालती गाडी आणतील जी, बाई. बंद पडली तं?"

"ओढून आणतील."

"सालेकशाहून? मंग मी कायले पाहिजे?"

"आणि तुमची कंबर?"

"कंबर माही होये. तिले मी समजावतो."

ते पुन्हा एकदा त्या उंच गाडीखाली जाऊन उभे राहिले. मग त्यांनी बुटकी घेतली. तीही एकेक चौकट एकट्याने फळीवरून व्हॅनमध्ये चढवून बघितल्यावरच.

पाटावर बसून ते आणखी काही वर्षं गावोगाव गेले. आता रायपूरला मुलीकडे असतात. पण मला त्यांची आठवण येते ती आजोबांच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या एका दिवसामुळे.

आजोबांना नागऱ्याच्या महादेवाला जायचं होतं, आणि आपल्याच गाडीने. त्या दिवशी त्यांच्या अंगात बसण्याइतकी ताकद होती. उद्याचं डॉक्टरही सांगत नव्हते. नेमका सकाळी गाडीचा क्लच गेला. मी फोन केला. टाचकाका आले, टाच मारली, लिफ्ट लावली आणि कामाला बसले. आजोबा शाल पांघरून समोर खुर्चीत.

"अजून किती, मिस्त्री?"

"काऊन जी साहेब, महादेव कुठं पळून राहिला?"

दुपारी गाडी सुरू झाली. मी आभार मानू लागले, तर ते म्हणाले, "ते मंग बोलजा, बाई. ऊन आहे तवर न्या त्याईले."

टाचकाकांनी आणि मी धरून आजोबांना पुढच्या सीटवर बसवलं. फाटकातून वळताना मला आरशात टाचकाका दिसले. एक हात कंबरेवर ठेवून ते चौकट हळूहळू व्हॅनकडे ढकलत होते. आजोबांनीही मान वळवून बघितलं.

देवळात मी नारळ फोडायला घेतला. काय मागू, म्हणून आजोबांकडे पाहिलं.

"माझ्यासाठी नको," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या कंबरेसाठी फोड."